तिसरा फोटोही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला फेसलिफ्टवरचा, म्हणजे ओघळलेला चेहरा वर ओढून घेण्याच्या शस्त्रक्रियेवरचा लेख वाचला. लेख वाईट नाही. टाके कुठे लपवतात, ही शस्त्रक्रिया कोणी करू नये, हे त्यात नीट सांगितलं आहे. पण शेजारी आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो आहेत आणि त्यांच्याखाली ओळ आहे, ‘अवघ्या दोन आठवड्यांत पूर्ववत’. त्या ओळीसाठी हे पत्र. माझी ही शस्त्रक्रिया होऊन अकरा महिने झाले. दोन आठवड्यांनी मी कशी दिसत होते ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण माझ्या विद्यार्थ्यांनी ते मला तोंडावर सांगितलं. म्हणजे खरं तर हातांनी सांगितलं.

मी कर्णबधिर मुलांना शिकवते. सांकेतिक भाषेत चेहरा हा व्याकरणाचाच भाग असतो. हाताची खूण तीच ठेवून भुवया वर गेल्या की वाक्याचा प्रश्न होतो, गाल फुगवले की वस्तू मोठी होते. मुलं दिवसभर माझ्या चेहऱ्याकडे बघत असतात, आणि सत्तावन्नाव्या वर्षी माझा जबडा आणि ओठांचे कोपरे असे खाली ओघळले होते की सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा पोरं विचारायची, ‘बाई, दमलात?’ या वयात हे कशाला, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर एवढंच आहे. पटलं नाही तरी चालेल.

मला भेटीआधी जो कागद दिला होता त्यावरही ‘१४ दिवस’ असंच छापलेलं होतं. सर्जन मात्र समोर बसून म्हणाले होते, की सूज बरीचशी उतरायला सहा आठवडे धरा आणि चेहरा पूर्ण बसायला सहा महिने ते वर्ष. मी कागदावरचा आकडा ऐकला, डॉक्टरांचा ऐकला नाही. सोयीचं तेवढंच कानात शिरतं. अठरा दिवसांची रजा टाकली, चार दिवस हातचे राखलेत अशा हुशारीत.

पहिल्या दिवशी डोक्याभोवती पट्टी आणि कानांमागून निघालेल्या दोन बारीक नळ्या, आत साचणारं रक्त-पाणी बाहेर काढायला. त्या दुसऱ्या दिवशी काढल्या. दुखलं फारसं नाहीच. ताण होता, कुणीतरी चेहरा मागून मुठीत धरून ठेवल्यासारखा. पहिल्या रात्री दोन वाजता उजवी बाजू जास्त आवळल्यासारखी वाटली आणि माझ्या धाकट्या बहिणीने डॉक्टरांना उठवलं. काही नव्हतं, पट्टीची घडी रुतली होती. पण डॉक्टर म्हणाले, फोन केलात ते उत्तम केलंत. पहिल्या चोवीस तासांत कातडीखाली रक्त साचण्याची भीती सगळ्यात जास्त असते, रक्तदाब चढा असलेल्यांना अधिक, आणि पुरुषांनाही बायकांपेक्षा जास्त. एकच बाजू अचानक फुगली, टणक झाली, दुखणं वाढत गेलं तर सकाळची वाट बघायची नाही. आपल्या लेखात ही गोष्ट एका अर्ध्या वाक्यात उरकली आहे. ती चौकटीत हवी होती.

नेहमीची सूज दोन्हीकडे हळूहळू चढते आणि तिसऱ्या दिवशी कळसाला पोचते. कागदावर हे नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी आरशात पाहून ‘एवढंच?’ म्हटलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांच्या जागी दोन फटी होत्या. ज्या जबड्याच्या कडेसाठी एवढा खटाटोप केला ती कडाच गायब. कानापासून गळ्यापर्यंत एक सलग उशी. सहाव्या दिवशी गळपट्टीच्या हाडापर्यंत जांभळं-काळं उतरलं, जिथे कुणी सुरी लावलीच नव्हती. घाबरून विचारलं तर कळलं, रक्तही पाण्यासारखं उताराला लागतं. मग जांभळ्याचं हिरवट झालं, हिरवटाचं पिवळं. रक्तातलं हिमोग्लोबिन मोडत जातं तसे हे रंग बदलतात. हिरवा बिलिव्हर्डिनचा, पिवळा बिलिरुबिनचा. पिवळा दिसला की शेवट जवळ आला, असं बहीण म्हणायची. तेवढी पंधरवड्याची गोष्ट मात्र खरी निघाली. चौदाव्या दिवशी रंग गेला होता. सूज गेली नव्हती. माझ्या मते सगळा घोटाळा इथेच आहे. ‘दोन आठवडे’ हा डाग जाण्याचा हिशेब आहे, आणि तो चेहरा परत मिळण्याचा हिशेब म्हणून छापला जातो.

सूज एवढी का रेंगाळते, हे मला नंतर कळलं. या शस्त्रक्रियेत नुसती कातडी ओढत नाहीत. कातडी उचलून तिच्याखालचा ‘स्मास’ नावाचा थर वर खेचून शिवतात. पॅरिसच्या मिट्झ आणि पेरोनी यांनी १९७६ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि बऱ्याच पद्धती आज याच थरावर उभ्या आहेत. कातडी उचलताना पेशींमधलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक लसिका वाहिन्या तुटतात. त्या पुन्हा जुळेपर्यंत पाण्याला वाट नसते, आणि जुळायला आठवडे नव्हे, महिने लागतात. म्हणून रात्रभर आडवं पडलं की सकाळी चेहरा भरलेला आणि संध्याकाळी उतरलेला. डोकं तीस-चाळीस अंश उंच ठेवून पाठीवर झोपायला सांगतात ते याचसाठी. मी जन्माची डाव्या कुशीवर झोपणारी. झोपेत वळायचेच, आणि डावा गाल उजव्यापेक्षा हमखास मोठा. डॉक्टरांनी काही बिघडवलं की काय, अशी शंका आठवडाभर मनात धरून होते. गुन्हेगार माझी झोपायची सवयच होती.

दहाव्या दिवशी मी तासभर रडले. टाके निघाले होते, दुखत काही नव्हतं, तरी रडले. पहिल्या दोन आठवड्यांत असं मन खचणं अगदी नेहमीचं असतं, हे कुणीतरी आधी सांगितलं असतं तर रडले असतेच, पण घाबरले नसते.

एकोणिसाव्या दिवशी वर्गावर गेले. कपाळावर शस्त्रक्रिया केलेली नव्हती, त्यामुळे भुवया नेहमीसारख्या नाचत होत्या. त्यांच्याखाली सगळं गप्प. हसले तर ओठ जेमतेम हलायचे, गाल जागचे जागी. हत्तीची गोष्ट चालली होती. हत्ती मोठा दाखवायला गाल फुगवायचे, आणि माझे आधीच फुगलेले. मुंगी आली तरी गाल तसेच. पहिल्या बाकावरच्या मुलाने हात वर करून विचारलं, ‘मुंगी पण मोठी?’ वर्ग खिदळला आणि मीही हसले. निदान हसायचा प्रयत्न केला. तो पाहून मागची एक मुलगी उठून जवळ आली आणि तिने काळजीने खूण केली, ‘बाई, रागावलात?’ आधी दमलेली, आता रागावलेली. त्या दिवसापासून तीन आठवडे मी गोष्टी सोडून गणित शिकवलं.

सहाव्या आठवड्यात हसू परत आलं. एकदम नाही, आधी उजवीकडे. गळ्यात गिळताना ओढल्यासारखं व्हायचं ते तिसऱ्या महिन्यापर्यंत चाललं. कानामागे हाताला लागणाऱ्या गाठी चौथ्यात विरल्या. कानाच्या पाळीची बधिरता सगळ्यात चिवट. कानाला संवेदना देणारी नस त्याच वाटेवर असते, तिला धक्का बसतो. फोन कानाला लावला की दुसऱ्याच्या कानाला लावल्यासारखं वाटायचं. हे ऐकायला गमतीचं आहे, पण बधिर कातडीला चटका कळत नाही. केस वाळवायच्या मशीनची गरम हवा मी किती वेळ एकाच जागी धरली होती ते बहिणीने ओरडल्यावर कळलं. बर्फाचंही तेच; थेट कातडीवर ठेवायचा नाही, आणि डॉक्टरांनी सांगितला असेल तरच.

लेखातली एक गोष्ट मात्र फार बरी वाटली, सिगारेटबद्दलची. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि उचललेली कातडी रक्ताअभावी मरू शकते, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच लिहिलं जातं. त्याच्या जोडीला अॅस्पिरिनबद्दल दोन ओळी हव्या होत्या. रक्त पातळ करणारी औषधं आधी थांबवावी लागतात, हे खरं. पण ती हृदयासाठी चालू असतील तर आपल्या मनाने बंद करायची नसतात.

मला पश्चात्ताप झालेला नाही. मुलं आता ‘दमलात?’ विचारत नाहीत, आणि मुंगीही मुंगीएवढीच दिसते. तक्रार आहे ती त्या दोन फोटोंच्या मधल्या कोऱ्या जागेबद्दल. रजा किती टाकायची, घरात सोबतीला कोण लागेल, लग्नकार्य किंवा मुलाखत किती लांब ठेवायची, हे सगळं माणूस त्या जागेवरून ठरवतो. आणि तिथे तुम्ही काहीच छापत नाही.

माझ्याकडे तेविसाव्या दिवसाचा एक फोटो आहे. बहिणीने वर्गाच्या दारात काढलेला. डावा गाल मोठा, जबडा अजून उशीसारखा, आणि चेहऱ्यावर जे आहे ते हसू आहे हे सांगावं लागतं. डोळ्यांवर काळी पट्टी टाकून छापणार असाल तर कळवा, पाठवून देते.

आपली,
एक शिक्षिका
(नाव आणि पत्ता सोबत दिला आहे, कृपया छापू नये.)