समावेशन शिकवायचंय? आधी वारली चौक दाखवा

मा. संपादक,

मी कॉलेजात शिकवते. आमच्याकडे समावेशनावर, म्हणजे सगळ्यांना सामावून घेण्यावर, वर्षातून एक लेक्चर होतं, पीपीटी दाखवतात, सह्या घेतात, झालं. त्यापेक्षा मुलांना वारली आदिवासींच्या लग्नात घराच्या भिंतीवर काढतात तो चित्रांचा चौक दाखवा ना. गेरूची भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, मधोमध सुफलतेची पालघट देवी, आणि हे काम मुळात सुवासिनींचं. पुढे जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगभर नेली, २०११ला पद्मश्री मिळाली, खूप आनंद आहे, पण त्या बायकांची नावं कुठे नोंदवलीत? एवढं वर्गात विचारलं तर आदिवासी, बाई, कलाकार कोणाला म्हणायचं, सगळ्यावर मुलं बोलायला लागली, बेल झाली तरी उठेनात. विद्यापीठांनी याला क्रेडिट द्यावं आणि शिकवायला पाड्यावरच्या बायकांना मानधन देऊन बोलवावं.

– एक प्राध्यापिका, ठाणे