मीटअपला एक खोली आणि पेपरात दोन ओळी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्राचं कारण असं की पेपरात रोज 'आजचे कार्यक्रम' येतात, त्यात व्याख्यानं, प्रदर्शनं, पुस्तक प्रकाशनं सगळं असतं, पण टेक मीटअप, म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांच्या भेटी, त्यात मला कधीच दिसत नाहीत. पायथन या भाषेत प्रोग्राम लिहिणारे, विंडोजऐवजी लिनक्स वापरणारे, विकिपीडियावर लिहिणारे, ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांना खुल्या नकाशावर रस्ते भरणारे, कॉम्प्युटर सिक्युरिटीवाले, असे कितीतरी ग्रुप वर्षभर ऑनलाइन बोलत असतात आणि मधूनमधून कुठेतरी प्रत्यक्ष भेटतात. या भेटी सगळ्यांना खुल्या असतात, बहुतेकदा फुकट असतात, आणि तरीही ज्याच्याकडे ग्रुपची लिंक आधीपासून आहे त्यालाच त्या कळतात. नवीन शिकणारा, वेगळ्याच क्षेत्रात नोकरी करणारा, निवृत्त झालेला, ज्याला यात शिरायचंय पण ओळखीचं कुणी नाही, त्याला पत्ताच लागत नाही. मी अशाच एका ग्रुपच्या भेटी भरवायला मदत करते म्हणून जरा सविस्तर लिहितेय, मोठं वाटलं तर कापा पण छापा.

लोक विचारतात की सगळं ऑनलाइन चालतंच आहे तर भेटायचं कशाला. प्रश्न रास्त आहे आणि "ओळखी होतात" एवढं उत्तर त्याला पुरत नाही. मी बघितलेली एक गोष्ट सांगते. एका ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रोजेक्टमध्ये नवीन आलेल्या मुलाने दोन ओळींची दुरुस्ती पाठवली. मेंटेनरने, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याने, लिहिलं, तू अख्खी फाइल बदललीयेस, विनाकारण बदल पाठवू नकोस. मुलगा म्हणे मी दोनच ओळींना हात लावलाय. मेंटेनर म्हणे डिफमध्ये, म्हणजे जुनी आणि नवी फाइल ताडून फरक रंगवून दाखवतात त्यात, सगळी फाइल लाल-हिरवी दिसतेय, मुलगा म्हणे माझ्याकडे नाही दिसत. दोघंही खरं बोलत होते, दोघांनाही समोरचा उद्धट वाटत होता, आणि हे बरेच दिवस चाललं. मग मीटअपला दोघं शेजारी बसले आणि मेंटेनरने त्याला फाइल उघडून सेव्ह करताना नुसतं बघितलं. त्याचा एडिटर, म्हणजे कोड लिहायचं सॉफ्टवेअर, सेव्ह करताना प्रत्येक ओळीच्या शेवटचं न दिसणारं चिन्ह बदलत होता. विंडोजमध्ये ओळ संपवायला दोन कॅरेक्टर लागतात, लिनक्समध्ये एक, त्यामुळे आपल्याला फाइल तीच दिसते पण तुलना करणाऱ्या टूलला प्रत्येक ओळ बदललेली वाटते, आणि मुलाकडचं टूल असले फरक लपवायच्या सेटिंगवर होतं. सेटिंग बदललं, विषय संपला. पुढच्याच आठवड्यात त्या मुलाने प्रोजेक्टच्या सुरुवातीच्या सूचनांमध्ये एडिटरचं ते सेटिंग लिहून टाकलं.

हे लेखी कळलंच नसतं असं मी म्हणत नाही. पण लिहिताना माणूस त्याला जे महत्त्वाचं वाटतं तेवढंच लिहितो आणि अडचण बरेचदा तो लक्ष न देता जे करतो त्यात असते, ते शेजारी बसलेल्याला दिसतं. स्क्रीन शेअर करूनही दिसलं असतं, हो, पण भांडणात अडकलेली माणसं एकमेकांना कॉल लावत नाहीत. मीटअपला मात्र समोर आल्यावर बोलावंच लागतं.

आणि ही काही आजची टूम नाही. १९७५ मध्ये अल्टेअर ८८०० हा घरी जोडायचा कॉम्प्युटर आला आणि त्याच वर्षी ५ मार्चला कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजात होमब्रू कॉम्प्युटर क्लब पहिल्यांदा भरला. पुढे गर्दी वाढली, मोठं सभागृह लागलं, ली फेल्सेनस्टाइन तिथे सूत्रं सांभाळायचे आणि त्यांची पद्धत मला फार आवडते. आधी ज्याला बोलायचंय त्याने उभं राहून सांगायचं की माझ्याकडे काय आहे, मला काय हवंय, मी नवीन काय ऐकलंय, आणि उरलेला वेळ मोकळा, ज्याला ज्याच्याशी काम आहे त्याने त्याला गाठायचं. ॲपलचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझनियाक पहिल्या भेटीपासून तिथे जायचे आणि जे मशीन पुढे ॲपल वन म्हणून विकलं गेलं त्याची सर्किटची चित्रं त्यांनी तिथे लोकांना फुकट वाटली होती. आज कितीतरी मीटअपमध्ये लोक ओळीत बसून स्लाइड बघतात आणि निघून जातात, मला ते बघून खरंच वाईट वाटतं, स्लाइड घरी बसूनही बघता येतात की. टॉक एक ठेवा, छोटा ठेवा, आणि खुर्च्या हलवायला जागा ठेवा.

आधी ऑनलाइन ओळख आणि मग भेट, याचीही जुनी उदाहरणं आहेत. लास वेगासला भरणारं डेफकॉन आज हॅकर लोकांचं, म्हणजे सिस्टीममधल्या फटी शोधणाऱ्यांचं, प्रचंड मोठं संमेलन आहे, ते १९९३ मध्ये जेफ मॉस यांनी बुलेटिन बोर्डवरच्या (तेव्हा फोनलाइनवरून कॉम्प्युटर जोडून गप्पा मारायची जागा) मित्रासाठी ठरवलेल्या निरोपाच्या पार्टीतून सुरू झालं. ओपनस्ट्रीटमॅप २००४ मध्ये सुरू झालं आणि २००६ च्या मे महिन्यात स्वयंसेवक इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर एका वीकेंडला जमले, जीपीएस घेऊन रस्ते पालथे घातले आणि बेटाचा नकाशा उभा केला. एकेकट्याने घरून ते काम किती रेंगाळलं असतं!

विश्वासाचं मात्र मला जास्त बोलायचंय. डेबियन बघा, लिनक्सवर आधारलेली ही सिस्टीम जगभरातले स्वयंसेवक चालवतात. तिथे डेव्हलपर व्हायचं तर तुमच्या डिजिटल कीवर, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवणाऱ्या किल्लीवर, आधीच्या डेव्हलपरची सही लागते आणि ती साधारणपणे समोरासमोर भेटून, ओळखपत्र बघून, कीचा फिंगरप्रिंट (तिची ओळख सांगणारी आकडे-अक्षरांची ओळ) ताडून दिली जाते. म्हणजे सगळं काम इंटरनेटवर करणाऱ्या लोकांनीच ठरवलं की पहिली ओळख डोळ्यासमोर पटली पाहिजे. याच्या उलट २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड युटिल्स या, लिनक्समध्ये फाइल लहान करायला वापरल्या जाणाऱ्या, ओपन सोर्स टूलचं प्रकरण उघडकीला आलं. जिया तान या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं व्यवस्थित काम करून विश्वास कमावला, प्रोजेक्टचे अधिकार मिळवले, आणि मग अर्ध्या जगाच्या सर्व्हरवर पोचू शकला असता असा चोरदरवाजा त्यात घातला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियरला एसएसएचने, म्हणजे लांबच्या कॉम्प्युटरवर सुरक्षितपणे शिरायच्या सोयीने, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच खटकलं आणि त्यावरून त्याने ते शोधून काढलं. जिया तान नक्की कोण, हे जगाला अजून कळलेलं नाही. भेट झाली असती तर हे टळलं असतं असा दावा मी करणार नाही, समोर बसूनही माणूस फसवतोच. पण एक्सझेडच्या मूळ मेंटेनरवर "लवकर काम दुसऱ्याला दे" म्हणून दबाव आणणारीसुद्धा नुसती ऑनलाइन नावंच होती, आणि एकट्याने प्रोजेक्ट ओढणाऱ्या माणसाला अशा वेळी खात्रीची चार माणसं माहिती असणं, "हे आठवडाभर मी बघते, तू सुट्टी घे" म्हणणारं कुणी असणं, ही माझ्या मते सुरक्षेचीच गोष्ट आहे.

आता मीटअपमधल्या उणिवा पण लिहिते. पहिल्यांदा आलेला माणूस भिंतीला टेकून फोन बघत उभा राहतो आणि जुने लोक घोळका करून गप्पा मारतात. तो पुन्हा येत नाही. यावर एक साधा उपाय आहे, पॅकमॅन रूल म्हणतात त्याला. गोल करून उभं राहिलात तर त्या गेममधल्या पॅकमॅनच्या तोंडासारखी एका माणसाची जागा कायम उघडी ठेवायची, कुणी येऊन उभं राहिलं की सरकून परत नवी जागा करायची. आम्ही हे सुरुवातीला सांगतो आणि फरक पडतो. बायकांचं प्रमाण कमी असतं, त्यात वेळ उशिराची असेल, जागा आडबाजूला असेल, किंवा आधी कुणी नको ते बोललं असेल आणि आयोजकांनी दुर्लक्ष केलं असेल, तर पुढच्या वेळी त्या येत नाहीत आणि मग सगळे म्हणतात की बायकांना यात रस नाही. आचारसंहिता लिहिलेली हवी आणि तक्रार कुणाकडे करायची त्या दोन माणसांची नावं भेटीच्या सुरुवातीला मोठ्याने सांगितलेली हवीत. व्हीलचेअर आत येते का हे जागा ठरवायच्या आधी बघायला हवं, नंतर नाही.

जागा हीच खरी तर सगळ्यात मोठी अडचण आहे. बहुतेक मीटअप कुठल्यातरी कंपनीच्या ऑफिसात होतात. त्या हॉल देतात हे चांगलंच आहे, मी आभारच मानते. पण गेटवर आधीच दिलेल्या यादीत नाव लागतं, सुरुवातीला त्यांची भरतीची जाहिरात ऐकावी लागते, आणि आम्हाला हॉल देणारी ओळखीची व्यक्ती नोकरी सोडून गेली की हॉल पण गेला. मग ग्रुप नवी जागा शोधत बसतो, दोन महिने भेट होत नाही, तिसऱ्या महिन्याला निम्मेच लोक येतात. २६०० नावाच्या हॅकरांच्या त्रैमासिकाच्या भेटी १९८७ पासून महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी होतात, कुणाला आमंत्रण लागत नाही, तारीख पाठ असते, येणारा येतो. ठरलेला वार आणि ठरलेली जागा यात ग्रुपचा जीव असतो, वक्ता कोण आहे ते नंतर.

म्हणून मला सार्वजनिक वाचनालयं आणि कॉलेजं यांना तुमच्यामार्फत विनंती करायचीये. संध्याकाळी रिकामी असणारी एक खोली महिन्यातून एकदा द्या. प्रोजेक्टर नसला तरी चालेल, प्लगपॉइंट आणि टेबलं हवीत, वायफाय असेल तर उत्तमच. वाचनालयाचाही यात फायदा आहे, कारण विकिपीडियावाल्यांना संदर्भाची पुस्तकं लागतात आणि ती वाचनालयातच असतात. २०१० मध्ये ब्रिटिश म्युझियमने एका विकिपीडिया स्वयंसेवकाला पाच आठवडे आत बसून काम करू दिलं आणि त्यानंतर बऱ्याच म्युझियम आणि वाचनालयांनी तसं केलं. खोलीची किल्ली कोण घेणार, कचरा कोण उचलणार, उशीर झाला तर जबाबदार कोण, हे आयोजकांनी आधीच कागदावर लिहून द्यावं. ते आमचंच काम आहे आणि आम्ही ते नीट केलं तरच पुढच्या ग्रुपला खोली मिळेल. आणि आयोजक एकटा नको, किमान दोघं हवेत. एकटा माणूस दमला की बहुतेक ग्रुप मुकाट्याने बंद पडतात, कुणी तसं जाहीरही करत नाही.

एक आक्षेप मला मान्य आहे. सगळ्यांना येता येत नाही, कुणाकडे घरात आजारी माणूस असतं, कुणी लांब राहतं, कुणाला गर्दी झेपत नाही. २०२० मध्ये सगळ्याच भेटी ऑनलाइन गेल्या तेव्हा असे कितीतरी लोक पहिल्यांदा आमच्यात आले आणि भेटी परत सुरू झाल्यावर ते पुन्हा बाहेर पडले, याची टोचणी मला आहे. टॉकचं रेकॉर्डिंग टाकायलाच हवं आणि भेटीत जे ठरलं ते दुसऱ्या दिवशी ग्रुपवर लिहायलाच हवं. खोलीत जमलेल्यांनी परस्पर निर्णय घेऊन टाकले तर न येणाऱ्यांवर तो अन्यायच आहे. निर्णय ऑनलाइन व्हावेत, आणि भेट ही शिकवायला, अडलेलं सोडवायला आणि माणूस ओळखायला असावी.

तर तुमच्याकडे मागणं एवढंच आहे की 'आजचे कार्यक्रम'मध्ये मीटअपला दोन ओळी द्या. विषय, जागा, वेळ, नवशिक्यांना चालेल की नाही, लॅपटॉप आणायचा का आणि जिना आहे की लिफ्ट, बास. ग्रुपचं इंग्रजी नाव आणि लिंक देऊन थांबू नका, विषय साध्या मराठीत असू द्या म्हणजे ज्याला त्या नावाचा अर्थ माहीत नाही तोही वाचेल. माहिती वेळेत आणि नीट लिहून पाठवायचं काम आमच्यासारख्या आयोजकांचं. कुठल्या पत्त्यावर आणि किती दिवस आधी पाठवायची ते पेपरात एकदा छापलंत तर पुढच्या महिन्यापासून पाठवायला सुरुवात करू.

आपली,
एक वाचक आणि मीटअप भरवणारी