गालगुंडाची लस सरकारी यादीत का नाही?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात गोवर-रुबेलाची लसीकरण मोहीम सुरू झाली, तेव्हा आमच्या गावातल्या शाळेत काही पालकांनी लसीच्या दिवशी मुलांना घरीच ठेवले होते. ‘या सुईनं पोरं पुढे बाप होत नाहीत’ असा निरोप व्हॉट्सॲपवर फिरत होता. पुढे करोनाची लस आली तेव्हा तीच आवई नव्याने उठली. इतकी, की जानेवारी २०२१ मध्ये खुद्द देशाच्या औषध महानियंत्रकांना ती धुडकावून लावावी लागली.

मी तीसेक वर्षे एका तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होतो. वीर्य तपासणीच्या किती काचपट्ट्या पाहिल्या याचा हिशोब नाही. त्यामुळे या अफवेतला विनोद मला जरा जास्तच टोचतो. पुरुषांच्या वंध्यत्वाशी ज्याचा खरोखर संबंध आहे, त्या आजाराची लस २०१८च्या त्या सुईत नव्हतीच. तक्रार करायची तर ती लस नसल्याची करायला हवी होती. तो आजार म्हणजे गालगुंड.

लहानपणी गालगुंड झाले तर आठवडाभर गाल सुजतो, गेरूचा लेप लागतो, शाळा बुडते आणि विषय संपतो. वयात आल्यावर झाले तर हाच विषाणू खाली उतरू शकतो. लस न घेतलेल्या अशा दर १०० रुग्ण पुरुषांपैकी साधारण १५ ते ३० जणांचे वृषण सुजते, बहुधा गाल सुजल्यानंतर आठवडाभरातच. वृषणाभोवतीचे आवरण चिवट असते, ताणले जात नाही. आत सूज वाढली की शुक्राणू तयार करणाऱ्या बारीक नळ्याच दाबल्या जातात. बहुतेकांना हा त्रास एकाच बाजूला होतो आणि दुसरी बाजू काम निभावून नेते. पूर्ण वंध्यत्व क्वचितच येते, हे आधीच सांगतो. नाहीतर माझ्या पत्राचीच अफवा व्हायची. पण सुजलेल्यांपैकी निम्म्यांपर्यंत लोकांचे ते वृषण पुढे थोडेफार आक्रसते, आणि दोन्ही बाजू सुजल्या तर धोका बराच वाढतो.

एक जोडपे आठवते. बाईंची फाइल चांगली जाडजूड होती. सोनोग्राफ्या झालेल्या, नळ्या तपासलेल्या, एकदा दुर्बिणीतूनही पाहून झालेले. लग्नाला सहा वर्षे. नवऱ्याची तपासणी मात्र पहिल्यांदाच, तीही नवीन डॉक्टरांनी हट्ट धरला म्हणून. सासूबाई बाहेरच्या बाकड्यावरून ऐकू येईल अशा बेताने म्हणाल्या, “त्याला काय धाड भरलीय? पोरात काय दोष असणार?” डबी आली, मी काचपट्टी पाहिली, एकही शुक्राणू दिसला नाही. नमुना फिरवून तळाचा थेंब पाहिला, तरी तेच. एका रिपोर्टवर भागत नाही म्हणून डॉक्टरांनी पुन्हा पाठवले, तेव्हाही तेच. लिहिता लिहिता सहज विचारले, “मोठेपणी कधी गालगुंड झालं होतं का हो?” तो खाली बघत म्हणाला, “आयटीआयला होतो तेव्हा, होस्टेलवर. खाली दोन्हीकडं सूज होती. पण सांगणार कुणाला?” मित्राने मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या होत्या, तेवढाच काय तो उपचार. कारण तेच होते असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, ते ठरवणे माझे कामही नव्हते. पण सहा वर्षांत हा प्रश्न त्याला कुणीच विचारला नव्हता.

तपासणीबद्दलही दोन शब्द. डेंग्यू, फ्लू, करोना, कोणताही जोरदार ताप येऊन गेला की शुक्राणूंची संख्या आणि हालचाल काही काळ घसरू शकते. वृषणे शरीराबाहेर असतात तीच थंडाव्यासाठी. नवा शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून आजारपणानंतर लगेच काढलेला वाईट रिपोर्ट पाहून हाय खाऊ नये. करोनाच्या लाटांनंतर असे कितीतरी तरुण रडवेले होऊन आले. ‘तीन महिन्यांनी परत या’ एवढेच मी सांगत असे. आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचे आकडे सुधारलेले असत.

आता मूळ मुद्दा. खासगी दवाखान्यात बालरोगतज्ज्ञ एमएमआर टोचतात. त्यात गोवर, रुबेला आणि गालगुंड अशा तिन्हींची लस असते. सरकारी कार्यक्रमात नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास मिळते ती एमआर, म्हणजे गालगुंड वगळून. गालगुंडाने फारसे कुणी दगावत नाही, म्हणून ते मागच्या बाकावर. पण ज्यांच्या खिशाला परवडते त्यांचीच मुले लस घेतात तेव्हा आजार थांबत नाही, फक्त रेंगाळतो. लहानपणी गाठ पडली नाही तर तो कॉलेजात, होस्टेलवर, भरतीच्या तळावर गाठतो. लसीकरण अर्धवट राहिले तर रुग्णांचे वय वर सरकते, हा इशारा जागतिक आरोग्य संघटनेनेही देऊन ठेवला आहे. म्हणजे ज्या वयात निव्वळ सुट्टी मिळायची त्या वयातून उचलून, ज्या वयात वृषण सुजते त्या वयात आपण हा आजार नेऊन ठेवतो आहोत. २०२४च्या सुरुवातीला केरळात गालगुंडाचे हजारो रुग्ण नोंदले गेले, तेव्हा थोडी चर्चा झाली. पुढे ती विरली.

गेल्या महिन्यात नातवाला घेऊन उपकेंद्रावर गेलो होतो. नर्सताईंना विचारले, गालगुंडाची लस यात का नाही? त्या कार्डावर तारीख टाकता टाकता म्हणाल्या, “काका, वरून जे येतं तेच आम्ही टोचतो.” वरचे कुणी आपले दैनिक वाचत असतील, तर एमआरच्या जागी एमएमआर कधी येणार, याचे उत्तर त्यांनी याच सदरात द्यावे. नातवाला आम्ही तालुक्याला नेऊन पैसे भरून लस दिली. उपकेंद्राच्या रांगेत आमच्या पुढे बसलेल्या ऊसतोड कामगाराच्या मुलाला मात्र एमआरच मिळाली.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
जि. सातारा