चुन्याच्या कामाला मार्चची मुदत

मा. संपादक महोदय,

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले आणि त्यांत आपल्या जिल्ह्यातील प्रतापगडाचा समावेश झाला, याचा आनंद साऱ्या सातारकरांप्रमाणे मलाही झाला. प्रतापगडाकडे आता सर्वांचे लक्ष राहील. हे पत्र कोणत्याही यादीत नसलेल्या नदीकाठच्या घाटांविषयी, बारवांविषयी (पायऱ्यांच्या जुन्या विहिरींविषयी) आणि देवळांविषयी आहे. त्यातही त्यांच्यासाठी मंजूर होणारा सरकारी पैसा ज्या महिन्यात हाती येतो, त्याविषयी.

केंद्रीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित यादीत महाराष्ट्रातील पावणेतीनशेहून अधिक स्मारके आहेत आणि राज्य पुरातत्त्व विभागाच्या यादीत चारशेच्या आसपास. गावे मात्र चाळीस हजारांच्या वर आहेत, आणि जुने देऊळ, बारव, वेस यांपैकी काहीच नाही असे गाव आपल्याकडे शोधावे लागेल. यादीबाहेरच्या या वास्तूंना पैसा मिळतो तो प्रामुख्याने जिल्हा वार्षिक योजनेत गड-किल्ले, मंदिरे व स्मारकांसाठी राखलेल्या तीन टक्क्यांतून, ‘क’ वर्ग तीर्थक्षेत्रांच्या निधीतून किंवा आमदार निधीतून. यांपैकी तीर्थक्षेत्रांचा निधी मुळात यात्रेकरूंच्या सोयींसाठी आहे. त्यातून दगडी देवळाच्या तोंडावर आरसीसी सभामंडप उभा राहतो, तेव्हा नियमाप्रमाणे कुणाचेच काही चुकलेले नसते.

मी बांधकामांवर पर्यवेक्षक म्हणून उमेदीची सारी वर्षे घालवली, त्यामुळे अंदाजपत्रक वाचण्याची खोड अजून सुटलेली नाही. आमच्या भागातील कृष्णेच्या एका घाटाच्या दुरुस्तीचे कागद काही वर्षांपूर्वी पाहण्यात आले. (घाटाचे नाव लिहीत नाही, कारण दोष त्या एकट्या कामाचा नव्हे.) प्रशासकीय मान्यता दिवाळीनंतर, तांत्रिक मान्यता डिसेंबरात, निविदा जानेवारीत, आणि कार्यारंभ आदेश फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात निघाला होता. देयक ३१ मार्चपूर्वी सादर व्हायचे होते. म्हणजे पेशवाईतल्या घाटाच्या दुरुस्तीला जेमतेम सहा आठवडे मिळाले.

सहा आठवड्यांत चुन्याचे काम होत नाही. कळीचा चुना विरवून मुरवत ठेवावा लागतो, वाळूबरोबर घाण्यात मळावा लागतो, दरजा (दगडांमधल्या फटी) भरल्यावर त्यांवर ओली गोणपाटे घालून कित्येक दिवस ओलावा राखावा लागतो, आणि त्यानंतरही हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत तो महिनोन्‌महिने घट्ट होत राहतो. सिमेंटला यातले काहीच लागत नाही. शिवाय सिमेंट, पेव्हर ब्लॉक आणि ग्रॅनाइट यांचे दर अभियंत्याच्या हाताशी असलेल्या दरसूचीत तयार सापडतात. चुन्याच्या कामासाठी दरांचे पृथक्करण (साहित्य, मजुरी यांचा बारीक हिशेब) वेगळे मांडावे लागते आणि त्यावरच्या शंकांना उत्तरे देत बसावे लागते. फेब्रुवारीअखेरीस एवढा उपद्व्याप कोण करणार? मी त्यांच्या जागी असतो तर मीही सिमेंटच लिहिले असते.

त्याचा परिणाम लगेच दिसत नाही, हीच अडचण आहे. सिमेंटची दरज कडक आणि बंदिस्त असते, त्यामुळे मागच्या मातीतले पाणी पूर्वी ज्या वाटेने झिरपून बाहेर पडत असे ती वाट बुजते. आपला काळा दगड हे बरेच सोसतो. विटांचे बांधकाम आणि भिंतीच्या पोटातला चुन्या-गोट्यांचा भराव मात्र सोसत नाही. विटांत क्षार साचून पापुद्रे सुटतात आणि भराव आतून मोकळा होत जातो. वर सांगितलेल्या घाटाच्या पायऱ्या दुसऱ्या पुरानंतर मधूनच फुगल्या. तोवर दोषदायित्वाचा, म्हणजे ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याचा, कालावधी संपला होता आणि ‘सुशोभीकरणा’चा फलक मात्र शाबूत होता.

वाईतील ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये नदीच्या अगदी काठावर बांधले, तेव्हा पुराचा लोंढा दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावा म्हणून मागची भिंत माशासारखी निमुळती केली. बांधणाऱ्यांनी नदीचा इतका विचार केला होता. आपल्या दुरुस्तीचे वेळापत्रक तेवढे कोषागाराकडे बघून ठरते.

दुसरी गोष्ट देखभालीची. लिंब-शेरी येथील बारा मोटांची विहीर वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाचे हे बांधकाम पाहायला आता दूरदूरची माणसे येतात. अशा कोणत्याही विहिरीचा खरा शत्रू म्हणजे दरजेत रुजलेले पिंपळाचे रोप. ते करंगळीएवढे असताना एका मजुराची एक दिवसाची मजुरी पुरते. मनगटाएवढे झाले की दगड उतरवून, क्रमांक घालून पुन्हा बसवावे लागतात. पण दर पावसाळ्यानंतर रोपे काढणे आणि पन्हळी मोकळ्या करणे यांसाठी वर्षाकाठी काही हजार रुपये मागायचे ठरवले, तर गावाला कोणतेही लेखाशीर्ष (सरकारी हिशेबातले खर्चाचे सदर) सापडत नाही. लाखांची मागणी करायला मात्र नमुना तयार असतो.

परदेशाचे दाखले देण्याची मला फारशी हौस नाही, तरी एक नोंदवतो. अमेरिकेत ऐतिहासिक वारशाच्या जतनाचा कायदा १९६६ मध्ये झाला आणि १९७६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र निधी स्थापन झाला, ज्यात समुद्रातील तेल व वायूच्या उत्खननातून सरकारला मिळणाऱ्या उत्पन्नाचा काही भाग जमा करण्याची तरतूद करण्यात आली. तेथे प्रत्येक राज्याला मिळणाऱ्या वाट्यातील किमान १० टक्के रक्कम प्रमाणित स्थानिक संस्थांना द्यावीच लागते, आणि वास्तूंची पाहणी व नोंदणी करणे हेही अनुदानपात्र काम मानले जाते. मला मोलाचे वाटते ते हे शेवटचे. आपल्याकडे मोजमापाचे नकाशे आणि छायाचित्रे यांना पैसा मिळत नाही, मग काय होते आणि काय बदलले हे नंतर कुणालाही सांगता येत नाही.

जिल्हा परिषदेला मिळालेला निधी दोन वर्षांत खर्च करण्याची मुभा आहेच. तिचाच उपयोग करून जुन्या वास्तूंच्या कामांना पहिल्या वर्षी केवळ नोंदणी, नकाशे आणि चुन्याच्या दरांसह अंदाजपत्रक यांसाठी छोटी रक्कम द्यावी, आणि प्रत्यक्ष काम पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात सुरू करावे. मंजूर रकमेतला काही हिस्सा पुढील पाच वर्षांच्या देखभालीसाठी ग्रामपंचायतीच्या वेगळ्या खात्यात राहावा. त्यात गावाने लोकवर्गणीची भर घालावी, ती गावे आनंदाने घालतील. कृष्णाबाईच्या उत्सवासाठी वाईच्या घाटाघाटांवर लोक पिढ्यान्‌पिढ्या पदरमोड करत आलेच आहेत. मेणवलीच्या नाना फडणीसांच्या वाड्यासारख्या खासगी मालकीच्या वास्तूंचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे, त्याला हे पत्र पुरणार नाही.

निधी परत गेला तर नामुष्की होईल, ही अधिकाऱ्यांची भीती मी समजू शकतो, कारण वर्षअखेरीच्या आढाव्यात खर्चाची टक्केवारी विचारली जाते आणि दरजेत काय भरले हे विचारले जात नाही. म्हणून जिल्हा नियोजन समितीच्या पुढील बैठकीत पालकमंत्री आणि जिल्हाधिकारी यांनी निदान एका घाटाचे काम या पद्धतीने घेण्यास संमती द्यावी, आणि निविदा काढण्यापूर्वी त्याचे अंदाजपत्रक गावच्या चावडीवर लावावे, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती करतो.

आपला,
एक वाचक,
वाई, जि. सातारा