सूचना : देवगिरीच्या बाजारात मिरची आणू नका

राम राम मंडळी, आपला ग्रुपवर मिळून गोष्ट लिहायचा खेळ १२९० च्या आसपासच्या देवगिरीत चाललाय, रामचंद्रदेव यादव गादीवर आहेत, हे जरा ध्यानात ठेवा. काल रात्रीच्या प्रसंगात एका सैनिकानं भाकरीवर मिरचीचा ठेचा अन् शेंगदाण्याची चटणी घेतली, वरून बटाट्याची भाजी. आता मला पण ठेच्याशिवाय घास उतरत नाही, पण मिरची, शेंगदाणा, बटाटा, टमाटा, मका, पेरू, तंबाखू हे सगळं अमेरिकेतून आलंय, अन् कोलंबस तिकडं पोचला १४९२ ला, म्हणजे आपल्या सैनिकाच्या दोनशे वर्षं नंतर! एकादशीला साबुदाणा पण नको, तो ज्या कंदापासून करतात तो पण तिकडचाच.

मग खायचं काय, तर ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, वांगं, ताक, करडईचं नाहीतर तिळाचं तेल, अन् तिखटाला मिरे, आलं, लसूण. भाकरीवर तिळाचा कूट, मीठ अन् लसूण रगडून घेतलं असं लिहिलं तरी वाचणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं.

चहाची टपरी कुणी टाकली होती ती काढून टाकली, राग मानू नका. काडेपेटी नाही, चकमक वापरा. अन् भाजीवाल्याला पद्मटंक, म्हणजे सोन्याचं नाणं, देऊ नका राजेहो, तो बिचारा सुट्टे कुठून देणार? धान्य द्या बदल्यात.

शंका असली तर लिहायच्या आधी ग्रुपवर विचारा, रविवारपासून असल्या पोस्टी परत पाठवल्या जातील.