डबा तोच, नाव तेच, आतलं क्रीम मात्र बदललेलं

ग्राहक सेवा विभाग प्रमुख यांस,

आज दुपारी तुमच्या केंद्राला पाचवा फोन केला. पाऊण तास ताटकळत ठेवलं आणि फोन कट झाला. फोनवर बोलायची ताकद संपली म्हणून लिहिते आहे.

तक्रार पांढऱ्या झाकणाच्या मोठ्या डब्याबद्दल आहे. ‘संवेदनशील त्वचेसाठी, सुगंधविरहित’ असं ज्यावर छापलंय तोच. माझ्या सात वर्षांच्या मुलीचे गेले तीन हिवाळे त्या क्रीमवर निघाले. थंडी पडली की तिच्या कोपरांच्या आत आणि गुडघ्यांच्या मागे चट्टे उठतात, झोपेत खाजवून ती रक्त काढते. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं आम्ही पाळतो. कोमट पाणी, पाच-दहा मिनिटांत आंघोळ, साबण नाही, अंग पुसायचं नाही तर टिपायचं, आणि त्वचा ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत क्रीम. अशा त्वचेत सिरॅमाइड, म्हणजे ओलावा धरून ठेवणारे स्निग्ध घटक, कमी पडतात, म्हणून आतलं पाणी टिकत नाही. तुमच्या क्रीममध्ये सिरॅमाइड होते, ग्लिसरीन होतं, आणि ते लागू पडत होतं. लागू पडत होतं म्हणूनच या वेळी आधी थोड्याशा जागेवर लावून बघायचं मला सुचलंही नाही.

या वेळच्या डब्यातलं क्रीम लावताना पहिल्याच रात्री तिने हात मागे ओढून घेतला. “आई, चावतंय.” मला वाटलं, त्वचा फुटलीय, झोंबत असेल. तरी लावलं. चौथ्या दिवशी सकाळी क्रीम लावलं होतं तेवढ्याच जागेवर, मनगटापासून कोपरापर्यंत, लाल पुरळ उठलं होतं. कडेला माझी बोटं जिथे थांबली होती ते ओळखू येत होतं. तीन रात्री मी हे स्वतःच्या हाताने चोळलं, ते काही केल्या डोक्यातून जात नाही.

तळाशी थोडं क्रीम उरलेला गेल्या वर्षीचा डबा कपाटात होता. दोन्ही शेजारी ठेवून मागची बारीक अक्षरं वाचली. जुन्या यादीत जे नव्हतं ते नव्यात आहे: लॅव्हेंडरचं तेल, आणि लिनालूल, लिमोनीन ही वासाची द्रव्यं. आणि पुढे अजूनही ‘सुगंधविरहित’! लिनालूल हवेत राहून बदलतं आणि त्याची ॲलर्जी अनेकांना येते, हे क्रीम बनवणाऱ्यांना माहीत असणारच. आपण रोज झाकण उघडतो, रोज हवा आत जाते.

आता तिसऱ्या फोनबद्दल. तो मला विसरता येत नाही. मी पुरळ सांगितलं, यादी वाचून दाखवली. पलीकडून उत्तर आलं, “मॅडम, जळजळ होते म्हणजे क्रीम काम करतंय.” मी म्हटलं, मुलगी सात वर्षांची आहे, ती रडते. “थोडं जास्त लावा, सवय होईल.” सुगंधविरहित क्रीममध्ये सुगंधी तेल का, असं विचारलं. “ते नैसर्गिक आहे मॅडम, त्याने काही होत नाही.” म्हटलं, वरिष्ठांना जोडून द्या. त्यावर तुमच्या प्रतिनिधीने विचारलं, “मुलीला घरी रोज आंघोळ घालता ना? अस्वच्छतेनेही पुरळ येतं.”

मी फोन धरून नुसती उभी राहिले. तीन वर्षं रोज दोन वेळा मी या मुलीच्या अंगाला हात लावते, तिचा एकेक चट्टा मला पाठ आहे, आणि तुमचा माणूस मला स्वच्छता शिकवतो? सवय होईल? फुटलेल्या त्वचेला जळजळीची सवय होत नाही, ती आणखी बिघडते. “जळजळ होते म्हणजे काम करतंय” हे तुमच्या कंपनीत शिकवतात का, याचं उत्तर मला लेखी हवं आहे.

क्रीम बदलायचा हक्क तुम्हाला आहे. पण बदललेलं क्रीम जुन्याच डब्यात, जुन्याच शब्दांखाली विकायचा नाही. संवेदनशील त्वचेची माणसं एकदा मानवलेली वस्तू डोळे मिटून पुन्हा घेतात, आणि तुमचा धंदा त्याच भरवशावर चालतो. मीच चार घरांना हे क्रीम घ्यायला सांगितलं होतं. आता त्या चारही घरी फोन करून ‘वापरू नका’ म्हणून सांगितलं आहे.

क्रीम कधी आणि का बदललं ते कळवा. ‘सुगंधविरहित’ हा शब्द डब्यावरून काढा, नाहीतर तेल तरी काढा. दुकानांत असलेला माल परत घ्या. पैसे परत नकोत, कूपन तर मुळीच पाठवू नका. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर दोन्ही डबे, बॅच नंबर, हाताचे फोटो आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी ग्राहक आयोगात जाणार आहे.

सध्या तिला साधी पेट्रोलियम जेली लावते. पुरळ उतरतंय. पण झाकण उघडलं की ती आधी दोन्ही हात पाठीमागे नेते आणि विचारते, “हे चावणारं नाही ना?”

— तीन हिवाळे तुमचं क्रीम वापरलेली एक आई