तारामासा मोठा होण्याआधीचे संशोधन हवे

स.न.वि.वि.

प्रवाळ खाणाऱ्या काटेरी तारामाशांवरील संशोधनाचा भर अजून प्रौढ प्राणी मारण्यावर आहे. ते तंत्र बऱ्यापैकी बसले आहे: पित्तक्षारांच्या (प्राण्यांच्या पित्तातील क्षारांच्या) द्रावणाचे सुमारे १० मिलि. एकच इंजेक्शन पुरते. पूर्वीच्या सोडियम बायसल्फेटला एकाच प्राण्याला अनेकदा टोचावे लागे. तुकडे करणे तर व्यर्थच, कारण तुटलेला भाग पुन्हा वाढू शकतो. पण पाणबुडे मारणार किती? एक मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी सोडते.

खरी पोकळी पिल्लांच्या अवस्थेत आहे. ती खडकाच्या तुकड्यांत लपून गुलाबी चुनखडी शैवालावर जगतात. प्रवाळ कमी असेल तर वर्षानुवर्षे तशीच थांबतात. त्यामुळे तारामाशांचा उद्रेक, म्हणजे संख्येतील अचानक वाढ, दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून पाण्यातील डीएनएवरून अळ्या (पिल्लांच्या आधीची, पाण्यात तरंगणारी अवस्था) ओळखणे आणि पिल्लांचे भक्षक शोधणे यांना आधी निधी मिळावा.

खतांच्या नत्र-स्फुरदाने वनस्पती-प्लवक (अळ्यांचे खाद्य असलेल्या तरंगत्या सूक्ष्म वनस्पती) वाढून अळ्या जगतात, हा अंदाज जुना असला तरी वादग्रस्त आहे. उजनीचे हिरवे पाणी पाहणाऱ्या सोलापूरकरांना तो लगेच पटेल. तरीही लक्षद्वीप, अंदमानात मोजमाप करूनच तो तपासावा.

– प्राणिशास्त्राचे काही अभ्यासक, सोलापूर